चमच्याएवढी फट

आयुष्यभर मी माणसांसमोर बिनधास्त खोटं बोलत आलो आणि एकदाही पकडला गेलो नाही. उघडा पडलो तो अकरा टोमॅटोंसमोर, परवाच्या बुधवारी, भर दुपारी, स्वतःच्याच स्वयंपाकघरात. त्याचं असं झालं की सकाळी दहाला नातीचा फोन आला. नातीला मी खार म्हणतो, कारण लहानपणी ती पावाची कड गालात कोंबून तासतासभर घरभर हिंडायची. आता ती खार सव्वीस वर्षांची आहे, आणि कोपऱ्यावरच्या जुन्या छत्र्यांच्या दुकानात एका मैत्रिणीबरोबर खाण्याची जागा उघडते आहे. मैत्रीण स्वयंपाकात तरबेज, म्हणून तिला सगळे शेफ म्हणतात. सहा टेबलं, एक नवीकोरी भट्टी आणि समोर एक मोठी पांढरी भिंत. "आजोबा," खार म्हणाली, "त्या भिंतीवर तुमची गोष्ट येतेय. उद्या सकाळी रंगारी येणार. बोट, वादळ, ती एकडोळी भट्टीवाली, सगळं. वर चित्र, खाली मजकूर. आणि मेन्यूत पहिलाच पदार्थ, आजोबांचा ब्रुस्केटा. आज चारला आम्ही घरी येतो. तुम्ही करून दाखवा, शेफ मापं लिहून घेईल." मी म्हटलं, "या की! त्यात काय, डाव्या हाताचा मळ." फोन ठेवला आणि मग हातांकडे बघितलं, डाव्या आणि उजव्याही. या दोन्ही हातांनी ब्रुस्केटा, म्हणजे भाजलेल्या पावावरचे ते टोमॅटो, एकदाही केलेला नव्हता.

इथं मला माझी बाजू मांडू द्या. मी भट्ट्या दुरुस्त करायचो. बेकऱ्यांच्या, हॉटेलांच्या, एका तुरुंगाची आणि एकदा एका बोटीचीसुद्धा. बोट खरी होती. ती धक्क्याला तीन जाड दोरांनी बांधलेली होती, पाणी ताटातल्या पाण्यासारखं गप्प होतं, आणि खाली तिच्या स्वयंपाकघरात भट्टीचं दार उघडून डोकं आत घातल्यावर अर्ध्या तासात मला असं काही मळमळलं की एका खलाशानं माझी कॉलर धरून मला वर आणलं आणि कठड्यावरून ओणवं केलं. एवढाच माझा दर्यावर्दी इतिहास. पण गोष्ट सांगायला लागलो की ते तिन्ही दोर तुटायचे. वादळ यायचं. बोट अकरा दिवस भरकटायची आणि एका परक्या बंदराला लागायची, जिथं एका एकडोळ्या बाईची भट्टी इतकी मोठी होती की तिच्यात बैलगाडी वळवून घेता यायची. ती भट्टी आठवडाभर विझलेली, अख्ख्या गावाला पाव नाही, नगराध्यक्ष पायरीवर बसून हुंदके देतोय. मी कंदील घेऊन आत शिरायचो, तीन दिवसांनी काळाठिक्कर होऊन बाहेर यायचो, आणि भट्टी पेटायची. मग ती बाई, उपकाराची फेड म्हणून, मला भाजलेल्या टोमॅटोंचा ब्रुस्केटा शिकवायची. पूर्ण आच, पाऊण तास, वादळ ओसरेपर्यंत. खोटं मोठं असून भागत नाही, ते नेमकं असावं लागतं. कप्तानाच्या बुटाचा नंबर मी चाळीस वर्षांत एकदाही चुकवला नाही. साडेआठ.

खरं सांगायचं तर पदार्थ बायकोचा होता. ती दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायची, लोकांना नंबर द्यायची आणि धीर द्यायची. तिथल्या मासिकात तिला हे सापडलं. दुसऱ्याची टाचणीही न उचलणाऱ्या त्या बाईनं आयुष्यात एकदाच ते पान फाडलं, आणि घरी येऊन बघते तर खालचं अर्धं पान तिच्याआधीच कुणीतरी फाडून नेलेलं. साहित्य वरच्या अर्ध्यात, आणि किती आच, किती वेळ, हे खालच्या अर्ध्यात. दुसरा कुणी असता तर नाद सोडला असता. तिला गुरुवारी दुपारची सुट्टी असायची; तिनं असे किती गुरुवार टोमॅटो भाजले देव जाणे. पहिल्यांदा पाहुण्यांना वाढलं तेव्हा तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचे यजमान आले होते. डॉक्टरीणबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "हे कुठं शिकलात हो?" बायकोनं सांगायला तोंड उघडलं. आणि बोललो मी. ती बोट त्या संध्याकाळी पहिल्यांदा सुटली.

पाहुणे गेल्यावर ताटल्या पुसताना, दोऱ्यानं बांधलेल्या दांडीचा चष्मा नाकावर सारत ती म्हणाली, "वादळ जरा जास्त झालं." मी म्हटलं, "असं?" "आणि कप्तान बेशुद्ध कशाला पडायला हवा? नुसता खाली बसला तरी भागेल." तेव्हापासून दर खेपेला पाहुणे गेले की ती माझ्या गोष्टीची हजामत करायची. नगराध्यक्षाचे हुंदके कमी करा, कंदील एकच ठेवा, त्या बाईला दोन्ही डोळे का नाहीत? मी तिच्या या काटछाटीला टाळ्या समजत आलो. टाळ्याच होत्या त्या, बऱ्याचशा. फक्त एकदा, रुमालांच्या घड्या घालताना, तिनं वर न बघता विचारलं होतं, "अहो, तुमच्या त्या गोष्टीत मी कुठे असते?" "तू? तू बंदरावर." "बंदरावर कुठे?" "बंदर मोठं आहे, शोधावं लागेल." दोघंही हसलो. पण ती माझ्याआधी हसायची थांबली, आणि ते मी तेव्हाच पाहिलं होतं आणि तेव्हाच विसरून टाकलं होतं. ती जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा फोन ठेवल्यावर ते थांबणं परत आलं, नळ बंद केल्यावरही पाइपात काहीतरी टकटकत राहतं तसं. उद्या सकाळी त्या दहा फुटी भिंतीवर पक्क्या रंगात माझं नाव चढणार होतं आणि ती त्या बंदरात कुठेच नव्हती.

पण मी काही खचणारा माणूस नाही. भट्टी म्हणजे माझं माहेर, मी स्वतःलाच सांगितलं. टोमॅटो काय, तिच्यात शिजायला माझी परवानगी विचारतील. फ्रिजमध्ये अकरा टोमॅटो होते, लालबुंद, टणक, नवऱ्या मुलीच्या गालांसारखे चकाकणारे. उभे अर्धे कापले, पत्र्यावर मांडले, तेल, मीठ, लसणाच्या पाकळ्या. घरातली भट्टी तीन वर्षांत पेटली नव्हती. बटण फिरवल्यावर आधी धुळीचा वास आला, मग गरम लोखंडाचा, मग एक क्षणभर, शपथेवर सांगतो, तिच्या हातमोज्यांचा. मी पूर्ण आच लावली, दार बंद केलं. दार बंद झालं ते असं, की मोटारीच्या दारानं झक मारावी. ती दुरुस्ती माझी. लग्नानंतर दहाएक वर्षांनी, एका गुरुवारी, ती दवाखान्यातून यायच्या आधी मी तिला चकित करायला ते दार नीट केलं होतं. आधी ते नीट लागायचंच नाही, वरून बोटभर फट राहायची; भट्टीवाल्याच्याच घरात असं दार, म्हणजे अब्रूचा प्रश्न. नवी स्प्रिंग, नव्या बिजागऱ्या, कडेनं फट बुजवणारी नवी जाड दोरी. आमच्या धंद्यात दाराची परीक्षा कागदानं घेतात. वर्तमानपत्राची पट्टी दारात अडकवायची आणि ओढायची. सरकत बाहेर आली तर दार सैल, अडली तर दार घट्ट. तिच्यासमोर पट्टी ओढून दाखवली. पट्टी फाटली, पण सुटली नाही. मी तिच्याकडे वळून बघितलं, सर्कशीत वाघाच्या जबड्यातून डोकं काढल्यावर बघतात तसं. ती म्हणाली, "छान." आणि मग, थोडं थांबून, "अगदी घट्ट झालं नाही?" मी म्हटलं, "घट्टच पाहिजे."

पाऊण तासानं दार उघडलं तर चेहऱ्यावर वाफेचा लोट आला आणि चष्म्यावर धुकं. धुकं गेल्यावर दिसलं ते असं: बावीस फोडी, वरून कोळसा, खाली पाणीच पाणी, साली सुटून तरंगतायत. एक तुकडा तोंडात टाकला. गरम पाण्यात टोमॅटोची आठवण विरघळवली तर लागेल तसा लागला. तिचे टोमॅटो कसे असत ते माझ्या जिभेला पाठ होतं, कडा सुरकुतलेल्या, चिकट, गडद, आणि मधोमध अजून मऊ. ती चव मी इतकी वर्षं ऐटीत खाल्ली होती, पण ती कशी तयार होते हे बघायला मी कधी स्वयंपाकघरात थांबलोच नव्हतो. मी बाहेर असायचो, वादळात.

तरी म्हटलं, दोष मालाचा आहे. पिशवी घेऊन खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं मला पुढच्या ढिगातले टणक टोमॅटो निवडताना बघितलं आणि म्हणाली, "काका, कशाला पाहिजेत?" "भाजायला." "मग हे नका नेऊ. हे कोशिंबिरीचे. काकू कायम मागच्या पेटीतले न्यायच्या." मागची पेटी म्हणजे मऊ पडलेले, बोट लावलं तर रुसणारे. "हे तर फेकायचे आहेत," मी म्हटलं. ती कंबरेवर हात ठेवून हसली. "तेच मी काकूंना म्हणायची. आणि काकू म्हणायच्या, 'म्हातारे झाले की गोड होतात गं, माझ्याकडे एक आहे घरी.'" मी तिला म्हटलं, तुझ्या काकूंना दातांच्या दवाखान्यात लोकांना हसवायची सवय होती. पण जिना चढताना मी दोनदा थांबलो, आणि ते गुडघ्यांमुळे नव्हतं. माझ्यावरचा एक विनोद माझ्या पाठीमागे इतकी वर्षं भाजीच्या दुकानात चालत होता आणि तो माझ्या कुठल्याही विनोदापेक्षा चांगला होता.

आणि मग चमचा. पत्रा खरवडायला काहीतरी लाकडी हवं म्हणून भट्टीशेजारचा खण उघडला. तळाशी तिचा जुना लाकडी चमचा होता, लांब दांड्याचा. हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो. दांड्याच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना, समोरासमोर, दोन खोलगट जागा होत्या. भाजून काळ्या पडलेल्या, आणि वापरानं गुळगुळीत झालेल्या. एवढी वर्षं मी यंत्रं बघितली आहेत. मालक काय सांगतो ते ऐकायचं आणि झीज काय सांगते ते मानायचं, हा माझा नियम. ही झीज गॅसवर विसरून राहिलेल्या चमच्याची नव्हती. ती पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. मी चमचा भट्टीच्या दाराशी नेला आणि वरच्या कडेत आडवा धरून दार लोटलं. दाराची कड एका खळग्यात बसली, चौकटीची कड दुसऱ्या. कुलपात किल्ली बसावी तशी. वर बरोबर बोटभर फट राहिली, आणि त्या फटीतून वाफ, शहाण्यासारखी, बाहेर जायला लागली.

म्हणजे टोमॅटोंना पाणी सोडायला जागा हवी होती. त्या अर्ध्या पानात जे नव्हतं ते तिनं गुरुवारांमागून गुरुवार घालून शोधून काढलं होतं, आणि ते दुसरं तिसरं काही नव्हतं, ते आमचं नादुरुस्त दार होतं. तिच्या गुरुवारी वास मंद मंद, चांगला अडीच तास दरवळायचा, हेही आत्ता आठवलं; म्हणजे मंद आच, अडीच तास आणि ती फट. मग मी एका दुपारी येऊन तिचं सगळं संशोधन बिजागरीसकट आवळून टाकलं आणि वर कागद ओढून दाखवला. ती म्हणाली, छान. आणि खणातून चमचा घेतला. पण मला तो दारात कधी दिसला कसा नाही? मी ओट्याला टेकलो. आणि तेव्हा तो आवाज आठवला. टक्. मी बाहेरून स्वयंपाकघराकडे निघालो, माझी चप्पल वाजली, की आतून तिचा आवाज यायचा, "आलेच हं!" आणि त्यामागोमाग, टक्. लाकडाचा ओट्यावर. इतकी वर्षं तो आवाज मी ऐकला, पाहुण्यांना वाढायची वेळ झाली याची ती घंटाच होती माझ्यासाठी. ती प्रत्येक वेळी, मी दारात पोचायच्या आत, चमचा काढून घेत होती. कारण दुरुस्ती माझी होती. माझं दार घट्ट आहे असं मला वाटत राहावं, म्हणून. मी बंदरातल्या भट्टीत तीन दिवस कंदील घेऊन बसलो, अशी बढाई मारायचो. आणि इथं माझ्याच घरात एक बाई तीस वर्षं, एका हातानं टोमॅटो सांभाळत होती आणि दुसऱ्या हातानं मला. मला हसू आलं. खोटं नाही सांगत, आधी हसूच आलं. सफाईनं फसवण्यात मी स्वतःला उस्ताद समजत होतो आणि उस्ताद आत ओट्यापाशी उभा होता.

मग मी कामाला लागलो, आणि काम मला येतं. मऊ टोमॅटो, उभे अर्धे, कापलेली बाजू वर. मीठ, चिमूटभर साखर, तेल. मंद आच. चमचा दारात. अडीच तास मी स्टूल ओढून भट्टीसमोर बसलो, दवाखान्यात बसतात तसा, आपला नंबर येईपर्यंत. फटीतून आधी पाण्याचा वास आला, मग देठाचा, हिरवा, मग गोड, मग तो ओळखीचा दाट वास, आणि एकदा कधीतरी मला वाटलं की मागे रुमालांच्या घड्या पडतायत. मागे वळून बघितलं नाही. वळून बघणारा माणूस नाही मी, नाहीतर इतकी वर्षं तो चमचा दिसला असता.

चारला दोघी आल्या. शेफ उंच, अबोल, मोठ्या तळव्यांची पोरगी. तिनं माझी एकही गोष्ट ऐकलेली नव्हती, त्यामुळे मला ती फार आवडली. पावाच्या जाड चकत्या भाजल्या, गरम असतानाच त्यांवर लसूण घासला, टोमॅटो ठेवून काट्यानं जरासे चेपले, वर बेसिलची पानं फाडून टाकली. शेफनं पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि मला त्या डॉक्टरीणबाईच दिसल्या. खार गाल फुगवून खात होती. "हाच!" ती म्हणाली. "आजोबा, हाच तो! बोला आता, वादळापासून सुरू करा." वही उघडून बसली.

मी सांगितलं. दवाखाना, फाडलेलं अर्धं पान, गुरुवार, दार, चमचा, टक्. काहीही वाढवलं नाही. खार आधी लिहीत होती, मग लिहायची थांबली, मग हसायला लागली. "आजोबा, तुम्ही पण ना! दातांचा दवाखाना काय! ही फिकी आहे हो. बोट बरी होती."

"अगं, खरं आहे हे."

"बोटही खरी होती. कप्तानाच्या बुटाचा नंबर सांगायचात तुम्ही."

"बोट बांधलेली होती. मला त्या बांधलेल्या बोटीवर ओकारी आली."

"आता तर अजिबात विश्वास नाही बसत," खार म्हणाली आणि डोळे पुसले. काय करायचं सांगा. ज्या खोट्यावर मी अख्खी हयात उभी केली ते सगळ्यांनी मानलं, आणि एकदाच खरं बोललो तर नात हसून लोळते. तेवढ्यात शेफ उठली. ती भट्टीकडे गेली, दारातला चमचा काढून घेतला आणि त्या खळग्यांतून अंगठा फिरवला, एकदा, मग परत एकदा. चमचा पुन्हा दारात बसवून बघितला. "हे एका दिवसात होत नाही," ती म्हणाली. तेवढंच. खारीचं हसू हळूहळू उतरलं. तिनं चमचा हातात घेतला, नाकाशी नेला.

"आजीनं कधीच कसं नाही सांगितलं?" तिनं विचारलं.

"तिनं तोंड उघडलं होतं," मी म्हटलं. "मी मध्ये बोललो."

खारीनं चमचा ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "मग भिंतीचं काय करू? बोट काढून टाकू?"

मी म्हटलं, "बोट असू दे. सकाळी मी येतो, तेव्हा सांगतो."

सकाळी गेलो. खिशात वर्तमानपत्राची पट्टी आणि पेचकस. पहिल्यांदा त्यांची नवी भट्टी बघितली. पट्टी दारात धरून ओढली, पट्टी फाटली. फारच उत्तम दार. मी गुडघ्यांवर बसलो आणि बिजागरीचे स्क्रू सैल केले, दीड फेरा, मग आणखी पाव. आयुष्यात पहिल्यांदा एक चांगलं दार मी हातानं बिघडवलं. पट्टी घातली, ओढली. अलगद आली. माझ्यामागे रंगारी शिडीवर चढला होता. भिंतीवर खडूनं बोट झाली होती, लाटा झाल्या होत्या, आणि भट्टीच्या दारात एका बाईचा नुसता आकार होता, चेहरा बाकी. वर मोठ्या अक्षरांत, मी आल्याआल्या सांगितल्याप्रमाणे, खारीनं लिहून घेतलं होतं, आजीचा ब्रुस्केटा.

"काका," रंगारी शिडीवरून म्हणाला, "ही बाई एकडोळी ना? ताई म्हणाल्या होत्या."

"दोन्ही डोळे काढ," मी म्हटलं. "वर चष्मा. चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. आणि हातात लाकडी चमचा दे, लांब दांड्याचा."

"आणि बघतेय कुठे? भट्टीत?"

"छे. माझ्याकडे," मी म्हटलं. "वादळ जरा जास्त झालं, असं म्हणायच्या बेतात."